शेवटची किटली दोनदा का मोजली जाते?

"ताई, मी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पप्पांचं गावात दूध संकलन केंद्र आहे, कुणी किती लिटर घातलं ते सगळं वहीत लिहितात. म्हटलं आपण सी भाषा शिकतोय तर बेरजेचा प्रोग्रॅम करून देऊ. लॅबमध्ये उबुंटू लिनक्स आहे, तिथे फाईलमध्ये एकाखाली एक लिटर टाकले आणि व्हाईल नॉट एफईओएफ, म्हणजे फाईल संपेपर्यंत फिरणारा लूप, लावून बेरीज केली. वहीत २१२.५ लिटर आहे आणि प्रोग्रॅम म्हणतो २१९. मैत्रिणीने तोच कोड विंडोजवर चालवला, तेच आकडे नोटपॅडमध्ये टाकले, तर तिचं बरोबर २१२.५ आलं! मग मी फाईल सोडली आणि कीबोर्डवरून आकडे घेतले. सर म्हणाले शेवटी कंट्रोल झेड दाब, दाबलं तर प्रोग्रॅम थांबतो पण बेरीज छापतच नाही. घरी मोबाईलच्या टर्मिनल ॲपमध्ये पप्पांना दाखवायला गेले, त्यांनी एक आकडा टाकला आणि स्क्रीन जी धावायला लागली ती थांबेचना, बेरीज वाढतच चालली. पप्पा म्हणाले राहू दे, वहीच बरी. अजून एक, गेटकॅरने एकेक अक्षर वाचून फाईलमधली अक्षरं मोजायचं प्रॅक्टिकल लॅबमध्ये नीट चालतं आणि मोबाईलवर कधी संपतच नाही. सगळ्यांचं चालतं, माझंच असं होतं. मला हे जमणार नाही असं वाटायला लागलंय. प्रोग्रॅम आणि स्क्रीनचा फोटो सोबत पाठवते. — दूधवाल्याची लेक"

प्रिय लेकी,

आधी एक छोटी वजाबाकी कर. २१९ मधून २१२.५ गेले की किती उरले? साडेसहा. आता तुझ्या फाईलमधली सगळ्यात शेवटची नोंद बघ. ती पण साडेसहाच आहे, मी बघितली. म्हणजे तुझी बेरीज चुकलेली नाही, शेवटची किटली दोनदा मोजली गेलीय, एवढंच. आणि हे तुझ्या लक्षात कशामुळे आलं, तर पप्पांच्या वहीमुळे. खरं उत्तर शेजारी नसेल तर २१९ हा आकडा बघून कुणालाही काही खटकलं नसतं. ती वही जपून ठेव, तिचा पुढे खूप उपयोग आहे.

आता हे का होतं ते. तुझ्या पत्रातले चारही प्रश्न वेगवेगळे दिसतात पण बऱ्याचशा गोष्टींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, आणि तो फक्त तुझा नाही, बऱ्याच मुलामुलींचा असतो. आपल्याला वाटतं की फाईलच्या शेवटी ईओएफ (एंड ऑफ फाईल) नावाचं काहीतरी ठेवलेलं असतं, एखादं अक्षर, एखादी खूण, आणि प्रोग्रॅम तिथे पोचला की त्याला ती दिसते. तसं काही नसतं गं. तुझ्या फाईलमध्ये आकडे आहेत आणि न्यूलाईन, म्हणजे एंटर दाबल्यावर पडणारी नवीन ओळीची अक्षरं, आहेत, बस. ईओएफ हे वाचायचा प्रयत्न केल्यावर मिळणारं उत्तर आहे: "मागितलंस खरं, पण आता काही उरलेलं नाही."

तुमच्या केंद्रावरचंच बघ ना. सकाळी रांग लागलेली असते, पप्पा काट्यावर मान खाली घालून आकडा लिहितात आणि म्हणतात "चला, पुढचा." शेवटच्या माणसाने दूध घातलं तेव्हा पप्पांना कळतं का की हा शेवटचा होता? नाही कळत. ते परत "चला, पुढचा" म्हणतात, कुणी पुढे येत नाही, तेव्हा मान वर करून बघतात आणि मग कळतं की रांग संपली. एफईओएफ हे नेमकं तेवढंच सांगतं, की मघाशी हाक मारली होतीस तेव्हा कुणी आलं नाही, असं झालं होतं का? ते पुढे डोकावून बघत नाही, झालेल्या गोष्टीबद्दल सांगतं. हाक मारायच्या आधी विचारलंस तर उत्तर "नाही" असंच येणार.

आता तुझा लूप बघ. आधी एफईओएफला विचारतेस, ते म्हणतं नाही संपलं. मग आत जाऊन एफस्कॅनएफ करतेस, फाईलमधून पुढचा आकडा मागतेस, म्हणजे "चला, पुढचा". कुणी येत नाही. पण काट्याच्या डिस्प्लेवर मघाचा ६.५ तसाच दिसतोय, कारण एफस्कॅनएफला काही मिळालं नाही की ते तुझ्या व्हेरिएबलला हात लावत नाही, आणि पुढची ओळ मुकाट्याने तो ६.५ परत बेरजेत टाकते. त्यानंतर कुठे लूप वर जाऊन परत विचारतो आणि मग एफईओएफ "हो" म्हणतं. एक फेरी उशीर, एक किटली जास्त.

मग मैत्रिणीचं बरोबर का आलं? हा प्रश्न मला फार आवडला, कारण इथेच बरेच जण "माझ्याकडे तर चालतं" म्हणून सोडून देतात. तू लॅबमधल्या एडिटरमध्ये फाईल सेव्ह केलीस, आणि नॅनो काय किंवा व्हीआय काय, ते सहसा शेवटच्या ओळीनंतरही एक न्यूलाईन घालून ठेवतात. नोटपॅड स्वतःहून घालत नाही, तू एंटर दाबलंस तरच. आता एफस्कॅनएफ आकडा कसा वाचतं बघ: ६, मग टिंब, मग ५, आणि मग अजून अंक आहेत का म्हणून आणखी एक अक्षर मागतं. तुझ्या फाईलमध्ये तिथे न्यूलाईन मिळाली, ती परत ठेवली, काम झालं, अजून शेवटाला धडक बसलेली नाही. मैत्रिणीच्या फाईलमध्ये ५ नंतर काहीच नाही, त्यामुळे ते जास्तीचं अक्षर मागतानाच शेवट लागला, खूण झाली, आणि पुढच्या वेळी एफईओएफने लगेच "हो" सांगितलं. म्हणजे तिचा प्रोग्रॅमही तुझ्याइतकाच चुकीचा आहे, फक्त तिची फाईल अशी आहे की चूक दिसत नाही. तिला शेवटी एकदा एंटर दाबून सेव्ह करायला सांग, तिचंही २१९ येईल.

आणि रिकामी फाईल दिलीस तर याहून वाईट. समजा एखाद्या दिवशी संकलनच झालं नाही. मग व्हेरिएबलमध्ये तू काही ठेवलंच नाहीस तर जो काय कचरा पडलेला असेल तो बेरजेत जाणार.

उपाय एका ओळीचा आहे. कोड शब्दांतच सांगते, टाईप तू स्वतःच्या हाताने कर. एफईओएफची ओळ काढ. व्हाईलच्या कंसात एफस्कॅनएफच टाक, आणि त्याची रिटर्न व्हॅल्यू १ आहे का ते तिथेच तपास, डबल इक्वल टू १. एफस्कॅनएफ किती गोष्टी वाचून तुझ्या व्हेरिएबलमध्ये ठेवल्या ते सांगतं. एक मागितली, एक मिळाली, तरच लूपच्या आत जायचं. बेरीज आत, आणि आत फक्त बेरीज. दोन गोष्टी एकदम वाचत असशील, सभासद नंबर आणि लिटर, तर डबल इक्वल टू २. आधी हाक, मग कुणी आलं का ते बघायचं, मग लिहायचं. पप्पा हे रोज करतात.

एफईओएफ मग आहेच कशाला? लूप संपल्यानंतर विचारायला. वाचणं थांबलं ते खरंच डेटा संपला म्हणून, का मध्येच काही बिघडलं, हे त्यावरून कळतं. त्याची जागा लूपच्या खाली आहे, लूपच्या तोंडावर नाही.

आता कंट्रोल झेड. सरांनी सांगितलं ते चूक नाही, ते त्यांच्या काळातल्या आणि विंडोजच्या मशीनसाठी बरोबर आहे. आपल्याकडे कॉलेजांतून कितीतरी वर्षं टर्बो सी वर शिकवलं गेलं, निळी स्क्रीन, डॉस, त्या पिढीच्या हातात कंट्रोल झेड बसलेलं आहे. त्याचं मूळ डॉसच्याही आधीचं. सीपी/एम नावाची एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम होती, ती फाईलची लांबी १२८ बाईटच्या तुकड्यांत मोजायची, नेमके बाईट किती ते ठेवायचीच नाही. मग शेवटच्या तुकड्यात मजकूर कुठे संपला हे कळणार कसं, तर तिथे २६ नंबरचं अक्षर, म्हणजे कंट्रोल झेड, टाकून ठेवायचे. डॉसने ती सवय उचलली, डॉसकडून विंडोजकडे आली. म्हणजे एकेकाळी खरंच फाईलच्या शेवटी एक खूण असायची, आणि आपल्या डोक्यातला तो गैरसमज बहुतेक तिथूनच पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. विंडोजच्या काळ्या खिडकीत आजही नवीन ओळीवर कंट्रोल झेड आणि मग एंटर दाबलं की इनपुट संपतं.

लिनक्सवर मात्र कंट्रोल झेडचा अर्थ अगदी वेगळा आहे, तिथे तो प्रोग्रॅमला झोपवतो. "स्टॉप्ड" असं काहीतरी आलं असेल बघ स्क्रीनवर. तुझा प्रोग्रॅम संपलेला नव्हता, तो आकड्याची वाट बघत तसाच मागे पडून होता, म्हणून बेरीज छापली नाही. जॉब्स अशी कमांड दिलीस की असे झोपवलेले सगळे प्रोग्रॅम दिसतील, आणि एफजी दिलंस की तो परत जागा होईल, मघाच्या आकड्यांसकट. मग कंट्रोल डी दाब. बेरीज येईल. मी तर म्हणते हे लॅबमध्ये एकदा मुद्दाम करून बघ.

कंट्रोल डी बद्दल थोडं जास्त सांगते. तू टाईप करतेस ते लगेच प्रोग्रॅमकडे जात नाही, टर्मिनल ती ओळ आपल्याजवळ धरून ठेवतं, म्हणूनच तर बॅकस्पेस चालतो. एंटर दाबलं की अख्खी ओळ प्रोग्रॅमच्या हातात पडते. कंट्रोल डी चा अर्थ "जेवढं धरून ठेवलंयस तेवढं आत्ताच्या आत्ता देऊन टाक" असा आहे. ओळ रिकामी असेल तर देण्यासारखं काहीच नसतं, प्रोग्रॅमने वाचायला मागितलेलं असतं आणि हातात पडतात शून्य बाईट, आणि शून्य बाईट मिळणं म्हणजेच शेवट. म्हणून एंटर दाबून, नवीन ओळीवर आल्यावर एकदाच कंट्रोल डी. तू ६.५ टाईप करून एंटर न दाबताच कंट्रोल डी दाबलंस तर आधी तो ६.५ फक्त पुढे जाईल, शेवट व्हायला परत दाबावं लागेल. आणि इथे अजून एक गंमत, काही जुन्या उबुंटूवर अशा वेळी तिसऱ्यांदाही दाबावं लागायचं, कारण तिथली सी लायब्ररी एकदा शेवट बघितल्यावरही परत जाऊन टर्मिनलला विचारायची. ग्लिबसी, म्हणजे हीच लायब्ररी, तिच्या २.२८ पासून, म्हणजे २०१८ पासून, एकदा शेवट तो शेवट असं झालं. उबुंटू १८.०४ मध्ये त्याच्या आधीची २.२७ आहे आणि कॉलेजच्या लॅब पटकन अपडेट होत नाहीत, म्हणून सांगून ठेवते.

काही जण सांगतील की हे सगळं कशाला, शेवटी -१ टाक आणि -१ आलं की लूप तोड. चालतं ते, परीक्षेत लिहिलंस तरी चालेल. पण उद्या पप्पांना कालची चुकलेली नोंद वजा करायची असली आणि त्यांनी खरंच -१ टाकलं तर? ज्या आकड्याला आपण खूण म्हणतो तो कधी ना कधी खरा आकडा म्हणून येतो.

आता धावणारी स्क्रीन, कारण पप्पांसमोर तेच झालं आणि तुला त्याचंच जास्त लागलंय. फोटो मी मोठा करून बघितला. सगळ्यात वर ६.५ आहे, इंग्रजी अंकात, तो तू टाकलेला असणार. त्याखाली पप्पांनी टाकलेला सात आहे, आणि तो मराठी सात आहे. त्यांचा मोबाईल मराठी कीबोर्डवर असतो ना? आपल्याला तो सातच, पण कीबोर्डवरून वाचणाऱ्या स्कॅनएफला फक्त इंग्रजी अंक कळतात. त्याने मराठी सात बघितला, हा आकडा नाही म्हणाला, रिटर्न व्हॅल्यू ० दिली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो सात तिथेच ठेवून दिला, उचललाच नाही. तुझा लूप विचारतोय "ईओएफ आलं का?", शून्य म्हणजे ईओएफ नाही, तर चल पुढे, ६.५ परत बेरजेत, परत स्कॅनएफ, परत तोच सात समोर, परत शून्य. असं सेकंदाला किती वेळा होत असेल देव जाणे. पप्पांची काही चूक नव्हती आणि मोबाईल बिघडला नव्हता. त्यांना हे नक्की सांग. आणि त्यांनी "साडेसात" असं लिहिलं असतं किंवा तू घाईत आकड्याऐवजी एखादं अक्षर दाबलं असतंस तरी हेच झालं असतं.

इथेही नॉट ईओएफ काढून डबल इक्वल टू १ केलंस की स्क्रीन धावायची थांबेल. पण तेवढ्याने पुरणार नाही, कारण मग एका चुकीच्या आकड्यावर अख्खा प्रोग्रॅम संपेल आणि सकाळी गर्दीच्या वेळी ते परवडणार नाही. माणूस टाईप करणार असेल तर मी स्कॅनएफ सरळ वापरतच नाही. आधी अख्खी ओळ वाचायची, मग तिच्यात काय आहे ते बघायचं. ओळ वाचायला एफगेट्स. त्याला शंभर अक्षरांचा एक ॲरे दे, आकार सांग आणि एसटीडीआयएन, म्हणजे कीबोर्डवरून येणारं इनपुट, दे. ओळ मिळाली तर तो ॲरेचा पत्ता परत देतो, शेवट झाला तर नल देतो. व्हाईलच्या कंसात एफगेट्स नॉट इक्वल टू नल, की झाला तुझा शेवटपर्यंत चालणारा लूप.

मग लूपच्या आत त्या ओळीवर एसस्कॅनएफ चालव, ते स्कॅनएफसारखंच, पण हातातल्या ओळीतून वाचतं. पर्सेंट एफ, मग एक स्पेस, मग पर्सेंट सी असं माग, म्हणजे एक आकडा आणि त्यानंतर एक जास्तीचं अक्षर. उत्तर १ आलं तर आकडा मिळाला आणि मागे काही लटकत नाही, ओळ स्वच्छ आहे, बेरजेत घे. उत्तर २ आलं तर "6.5ली" असं काहीतरी आहे. ० आलं तर मराठी सात किंवा अक्षरं. आणि नुसतं एंटर दाबलं असेल तर ओळ रिकामी, तेव्हा उत्तर खुद्द ईओएफ येतं, हो, कारण त्या ओळीपुरता शेवट झाला, इनपुटचा नव्हे. १ सोडून काहीही आलं की "हा आकडा कळला नाही, परत टाका" असं छाप आणि पुढच्या ओळीवर जा. चुकीची ओळ एफगेट्सने उचललेलीच आहे, ती परत समोर येणार नाही, त्यामुळे स्क्रीन धावायचा प्रश्नच मिटला.

आणि जुन्या नोट्समध्ये एफगेट्सच्या जागी नुसतं गेट्स दिसलं तर ते वापरू नकोस. त्याला ॲरे केवढा आहे हे सांगायची सोयच नाही, लांब ओळ आली की ते पुढची मेमरी तुडवत जातं. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये मॉरिस वर्म नावाचा स्वतःहून पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला, तो ज्या दारांमधून मशीनमध्ये शिरत होता त्यातलं एक हेच होतं, आणि सी च्या २०११ च्या स्टँडर्डमधून गेट्स काढूनच टाकलंय.

राहिलं गेटकॅर. इथे खरंच "लॅबमध्ये चालतं, मोबाईलवर नाही" असं होतं, आणि त्याला कारण आहे. तुझ्या प्रोग्रॅममध्ये चौथी ओळ आहे बघ, कॅर सी. ते इंट सी कर. एवढीच दुरुस्ती. पण का, ते ऐक, कारण तोंडी परीक्षेत हमखास विचारतात आणि नुसतं "नियम आहे" म्हणून सांगितलं तर लक्षात राहत नाही.

एक बाईट म्हणजे ० ते २५५ यातला कुठलाही आकडा. गेटकॅर तो बाईट देतं. पण शेवट झाला हेही त्यालाच सांगायचंय, आणि ० ते २५५ सगळे तर खऱ्या डेटासाठी लागतात, मग शेवटासाठी एक बाहेरचा आकडा घेतला, ऋण, बहुतेक सगळीकडे -१. म्हणजे २५६ बाईट अधिक एक, एकूण २५७ वेगवेगळी उत्तरं. ती एका बाईटच्या कॅरमध्ये मावणार कशी? म्हणूनच गेटकॅरचा रिटर्न टाईप इंट आहे, नावात कॅर असलं तरी.

तू ते कॅरमध्ये कोंबलंस की -१ आणि २५५ एकमेकांसारखे होतात, दोन्हींच्या आठही बिट १. पुढे काय होतं ते प्रोसेसर आणि सिस्टिमवर ठरतं. लॅबच्या इंटेलच्या मशीनवर साधा कॅर ऋण आकडे धरतो, त्यामुळे ते -१ म्हणूनच दिसतं आणि लूप थांबतो. मोबाईलमध्ये एआरएमचा प्रोसेसर आहे, आणि अँड्रॉइडवर साधा कॅर फक्त ० ते २५५ धरतो. तिथे -१ टाकलं की २५५ होतं, २५५ कधीच -१ च्या बरोबर नसतं, लूप अनंतकाळ चालतो. सी च्या नियमांनी दोन्ही चालतं, म्हणून कंपायलर कुणालाच चूक म्हणून अडवत नाही.

आणि लॅबमध्ये थांबतो म्हणून तिथे बरोबर आहे असंही समजू नकोस. माझ्या पहिल्या नोकरीत मी असाच एक फाईल कॉपी करायचा प्रोग्रॅम लिहिला होता, कॅर सी वालाच. मजकुराच्या फाईली महिनोन् महिने नीट कॉपी होत होत्या. मग कुणीतरी फोटो टाकले, आणि सगळे फोटो शून्य बाईटचे. एकाही फोटोत एक बाईटसुद्धा नाही. मी दोन दिवस डिस्क, परमिशन, नेटवर्क सगळं तपासत बसले आणि शेवटी फोटोच्या फाईलचे बाईट आकड्यांत छापून बघितले. जेपीजी फाईलचा पहिलाच बाईट २५५ असतो, दुसरा २१६. माझा लूप पहिला बाईट उचलायचा, तो कॅरमध्ये -१ व्हायचा, आणि लूप म्हणायचा झालं, संपली फाईल. मराठी किंवा इंग्रजी मजकुरात, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाईटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, २५५ हा बाईट कधी येतच नाही, म्हणून इतके महिने काही कळलं नव्हतं.

गेटकॅरच्या ओळीत अजून एक जागा जपायची. सी इक्वल टू गेटकॅर, या भागाला स्वतःचा कंस हवाच, मग त्याच्या बाहेर नॉट इक्वल टू ईओएफ. तो कंस राहिला तर आधी तुलना होते आणि सी मध्ये अक्षराऐवजी नुसता १ किंवा ० जातो. मोजणी तरीही बरोबर येते, म्हणून कळत नाही, पण अक्षर छापायला गेलीस की भलतंच काहीतरी. तुझ्या कोडमध्ये कंस आहे, छान केलंयस.

आणि अक्षरांची मोजणी. फाईलमध्ये तू "सुमन" लिहून बघितलंस आणि लॅबमध्ये १३ आलं, त्यावर तू प्रश्नचिन्ह काढलंयस. १३ बरोबर आहे. स, उकार, म, न, अशा चार खुणा, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाईटची, म्हणजे १२, आणि शेवटची न्यूलाईन १. गेटकॅर अक्षरं मोजत नाही, बाईट मोजतं. प्रॅक्टिकलच्या फाईलमध्ये तेवढी एक ओळ लिहून ठेव, विचारणाऱ्यालाही बरं वाटेल.

"माझंच असं होतं" असं लिहिलंयस, त्याबद्दल. बाकीच्यांनी एकच मशीन, एकच फाईल आणि सरांनी दिलेले पाच आकडे वापरले. तू तोच प्रोग्रॅम दोन ठिकाणी चालवलास, खरा डेटा टाकलास, वडिलांच्या हातात दिलास आणि उत्तर वहीशी ताडून बघितलंस. चुका सापडल्या त्या म्हणून. मला इतकी वर्षं शिकवताना असं पत्र फार क्वचित येतं, मनापासून सांगते.

आता असं कर. चार फाईली बनव: एक पूर्ण रिकामी, एक शेवटी एंटर असलेली, एक शेवटी एंटर नसलेली (प्रिंटएफची कमांड टर्मिनलवरही असते, तिने करता येते), आणि एक जिच्यात मध्येच मराठी सात आहे. चारही फाईली लेस दॅनचं चिन्ह वापरून प्रोग्रॅमला दे, लॅबमध्ये आणि मोबाईलवर, दोन्हीकडे. आठही वेळा उत्तर बरोबर आलं की मगच पप्पांकडे जा. महिनाभर वही आणि प्रोग्रॅम दोन्ही चालू दे, वही बंद करायचा विषयसुद्धा काढू नकोस, रोज संध्याकाळी दोन्ही बेरजा शेजारी लिहा.

मोबाईल त्यांच्या हातात द्यायच्या आधी कीबोर्ड इंग्रजीवर कर, आणि कंट्रोलचं बटण कुठे आहे ते दाखव, त्या ॲपमध्ये सहसा कीबोर्डच्या वरच्या पट्टीत असतं. शेवटच्या माणसाचं लिटर टाकून झालं, एंटर झालं, की कंट्रोल आणि डी त्यांनाच दाबू दे. काय बेरीज आली ते मला कळव.

तुझी ताई